उत्तर कोपऱ्यातला दगड्या

३ जाने., शुक्र.
कासवाने आजही काही खाल्लं नाही. पाचवा दिवस. काकडी तशीच, कोथिंबीर तशीच. डोळे चिकटलेत. परातीतलं पाणी बदललं, तोंड पुन्हा उत्तरेला करून ठेवलं. खाली तळमजल्यावर नसीमभाभींचे कापडाचे लूम सुरू झाले की परातीतलं पाणी थरथरतं. हा मात्र ढिम्म.
निखिलला पुण्याला फोन. "आई, थंडी आहे, झोपलं असेल." वा रे वा! आणलं कोणी? ह्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा कुणा वास्तुवाल्याने त्याच्या डोक्यात भरवलं की घराच्या उत्तरेला पाण्यात कासव ठेवा, आजारी माणसाला आयुष्य मिळतं. लोक पितळेचं ठेवतात. आमच्या चिरंजीवांना जिवंत मिळालं. नाव ठेवलं कुबेर. आणि उस्तवार माझ्या गळ्यात. मी त्याला दगड्या म्हणते.
हे पलंगावरून दिवसभर परातीकडे बघत होते. चौदा महिने झाले, तोंडातून शब्द नाही. डावा हात उचलून दाखवत होते. मी म्हटलं, "दिसतंय मला. मलाही डोळे आहेत." उगाच बोलले.

५ जाने., रवि.
पोटाखालून दाबून बघितलं. कवच मऊ लागलं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. घाबरले.
निखिल म्हणतो, "मग तलावात सोडून ये. पाण्यातलं पाण्यात जाईल." ठीकच वाटलं मला. पिशवी पण काढून ठेवली.
नसीमभाभी चटणी द्यायला वर आल्या होत्या. बघून म्हणाल्या, "टीचर, ये तो जा रहा है. हमारी बिल्लीवाली डॉक्टरनी को एक बार दिखा दो. छोड़ना है तो बाद में छोड़ो." ह्यांनी जोरात मान हलवली. म्हणून उद्या जाते.

६ जाने., सोम.
भाजीच्या पिशवीत टॉवेल, टॉवेलात दगड्या. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा. मांडीवर पिशवी घट्ट धरून बसले.
डॉक्टर पोरगीच आहे. बघितलं आणि विचारलं, "मावशी, ह्याला पाण्यात कोणी ठेवलं?"
मी म्हटलं, कासव आहे ना.
"हे जमिनीवरचं आहे. पाय बघा त्याचे. हे पोहायचे पाय आहेत का? तलावात टाकलं असतंत तर बुडालं असतं."
चौतीस वर्षं परिसर अभ्यास शिकवला. जलचर, भूचर, उभयचर. फळ्यावर चित्रं काढून. पोरांनी चुकवलं तर पट्टी घेऊन उभी असायचे. आणि वर्षभर ह्या मुक्या जिवाला परातीत भिजत घातलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.
"ऊन मिळतं का?" उत्तरेच्या कोपऱ्यात कुठलं ऊन! ऊन नाही म्हणून कवच मऊ. डोळ्यांत घालायचे थेंब दिले. कवचाला कॅल्शियम मिळावं म्हणून समुद्रफेन कुटून पाल्यावर टाकायचं. रोज दहा मिनिटं कोमट पाण्यात, गळ्याला लागेल एवढंच. बाकी वेळ कोरडी माती आणि ऊन.
निघताना हळूच म्हणाली, "हे चांदणीचं कासव आहे. असं घरात ठेवणं गुन्हा आहे, मावशी. आधी जगवू. पण मग वनखात्याला फोन करा, स्वतःहून देऊन टाका." नंबर लिहून दिला.
चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे खोचली. ह्यांना सांगितलं नाही.

८ जाने., बुध.
दिवाणाचा मोठा खण ओढून काढला, गॅलरीत दक्षिणेच्या बाजूला मांडला. ह्यांच्या गावाहून, कोनहून, मोठ्या दिरांनी पोतंभर माती पाठवली, हरळीसकट. त्यांच्या शेतावर आता गोदाम आहे, ही मागच्या परसातली. वर जुना पाट आडवा, सावलीसाठी.
दगड्याला गॅलरीत नेलं तर हे पलंगाची दांडी डाव्या हाताने बडवायला लागले. थांबेचनात. शेवटी चाकाची खुर्ची ढकलत तिथं नेली. दाराच्या आतच ठेवली, पडदा अर्धा ओढून.

९ जाने., गुरु.
काल लिहायचं टाळलं, ते लिहिते. ही वही कोण वाचणार आहे!
ह्यांचा व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा वर्षभर कानीकपाळी ओरडतोय, काकांना गॅलरीत बसवा, ऊन द्या. मी म्हणायचे धूळ येते, लूमचा कापूस उडतो, खोकला होईल. सगळं खोटं. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून नाही नेलं. तोंड वाकडं झालंय, लाळ गळते. बँकेत कडक इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस, लोक खाली थांबून नमस्कार करायचे. तो असा दिसायला नको होता मला. मला. त्यांना काय हवं ते मी विचारलंच नाही.
आज पडदा पूर्ण सरकवला. खुर्ची बाहेर कठड्यापर्यंत नेली.

१४ जाने., मंगळ. संक्रांत
दगड्याने डोळा उघडला. एकच, उजवा. जास्वंदीचं पान पुढे धरलं तर मान काढली, वास घेतला, परत आत.
आणि हे बोलले! "द... दग..." मला वाटलं घास अडकला. पाठ चोळायला धावले. तर बोटाने खणाकडे दाखवत, "दगड्या."
चौदा महिन्यांनी पहिला शब्द, आणि तो माझी शिवी. मी हसले, मग तिथंच खाली बसून रडले. नसीमभाभींना तिळगूळ द्यायला गेले तर डोळे अजून ओलेच. त्या घाबरल्या, "भाईसाब ठीक हैं ना?"

१९ जाने., रवि.
खाल्लं. जास्वंदीचं पूर्ण फूल! ह्यांच्या डाव्या हातातून. दहा मिनिटं हात तसाच धरून बसले, हलले नाहीत.
आता रोज एक-दोन शब्द. गंमत म्हणजे सगळे कोन गावच्या बोलीतले. "हाय." "न्हाय." सासूबाई असं बोलायच्या. ह्यांनी बँकेत लागल्यावर ते बोलणं टाकलं होतं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात कधी ऐकलं नाही. तेच पहिलं परत आलं.
"ऊन हवं?" "हाय." "आत जायचं?" "न्हाय!"

२३ जाने., गुरु.
डॉक्टरीणबाईंचा फोन. कवच कसं आहे? म्हटलं घट्ट होतंय. वनखात्याला फोन केलात? म्हटलं, लागत नाही. धडधडीत खोटं. एकदाही लावलेला नाही.
कसा लावू? ह्या माणसाला सकाळी उठायला एक कारण मिळालंय. ते माझ्या हाताने उचलून देऊन टाकू?

२७ जाने., सोम.
समोरच्या बिल्डिंगमधल्या गृहस्थांनी हात केला. "काय साहेब, बरं वाटतंय ना?" मी पदराने ह्यांचं तोंड पुसायला धावले. ह्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा डावा हात वर केला. लाळ तशीच हनुवटीवर. त्या गृहस्थांना त्याचं काहीच नव्हतं. आपले बोलत राहिले, आमची टाकी भरली का वगैरे.

१ फेब्रु., शनि.
कॅलेंडरचं पान उलटलं, चिठ्ठी खाली पडली. उचलून परत खोचली.
दगड्या आता चांगला चालतो. खणाच्या कडेकडेने जातो. कोपरा आला की पुढचे पाय फळीवर टाकून खरवडत राहतो. वळतो, दुसरा कोपरा, परत तेच. खर्र खर्र. दुपारभर. मी म्हटलं, "बघा, कसा ठणठणीत झालाय!"
हे बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "न्हाय." थांबले, ओठ जुळवले. "हितं... न्हाय."
मग मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, गुन्हा, डॉक्टरशी बोललेलं खोटं. ह्यांनी ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी. जेवले नाहीत. मीही नाही जेवले.

३ फेब्रु., सोम.
फोन केला. एका झटक्यात लागला. समोरचा माणूस शांतपणे बोलला. नाव, पत्ता, किती दिवसांपासून आहे. म्हटलं वर्ष झालं, पाण्यात ठेवलं होतं, चूक झाली. म्हणाला, उद्या अकराला येऊन नेतो. तिथं तपासतील, मग जंगलात सोडता येतं का बघतील. येईलच सोडता असं नाही.
काही कारवाई? "आल्यावर बोलू, बाई."
निखिल फोनवर ओरडला. "पोलिसांचं लफडं झालं म्हणजे?" म्हटलं झालं तर झालं, माझ्या नावावर घेईन.

४ फेब्रु., मंगळ.
सकाळी सातलाच हे जागे. हनुवटीवर हात फिरवून दाखवत होते. कळेना. मग कळलं, दाढी. दाढी केली. कपाटाकडे बोट. पांढरा शर्ट. इस्त्री केला, घातला. गळ्यातला लाळेचा नॅपकिन त्यांनी काढायला लावला, मी काढला.
साडेनऊला दगड्याला शेवटचं कोमट पाणी. पुसून त्यांच्या मांडीवर टॉवेलावर ठेवलं. पाठीवरच्या चांदण्या उन्हात नीट दिसत होत्या. वर्षभर पुसत होते, कधी मोजल्या नाहीत. आज मोजायला बसले, तो हलला, राहून गेल्या.
एका डब्यात हरळी आणि समुद्रफेन बांधून ठेवलंय. घेतील की नाही, माहीत नाही.
मघाशी हे काहीतरी पुटपुटत होते. तोंडाजवळ कान नेला. मला वाटलं, दगड्याबद्दलच असणार. तर म्हणाले, "उद्या..." खुर्चीच्या दांडीवर हात आपटला, मग गॅलरीच्या कठड्यावर. "उद्या... ऊन... हाय?"
ह्या माणसाला वाटतंय, दगड्या गेला की मी त्यांना परत आत नेणार.
म्हटलं, हाय. रोज हाय. विश्वास बसल्यासारखं दिसलं नाही तोंडावर. बसणार तरी कसा?
अकराला पाच कमी. जिन्यात पावलं वाजतायत. दार उघडते.