चार न्यूट्रॉन जास्त

३ मार्च

चि. छबू,
अनेक आशीर्वाद.

गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, टाके सुकले. आवाज अजून घोगराच आहे. तुझे भावोजी म्हणतात, तेवढीच घरात शांतता. पण डॉक्टरांनी आता नवंच काढलंय. कॅन्सरच्या पेशी मागे राहिल्या असतील, म्हणून किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची. ती देऊन नर्स लगेच खोलीबाहेर जाणार म्हणे. जिच्याजवळ तिनं थांबायचं नाही, ती मी गिळायची? नाही म्हणून सांगून आले. शिवाय लेकीचे दिवस भरत आलेत. असं अंग घेऊन बाळाजवळ कशी जाऊ? तू रोज हीच औषधं तयार करतेस. भीड न ठेवता लिही.

तुझी वाट बघणारी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला न विचारता नाही म्हणून आलीस, याचा राग नंतर काढीन.

मिठातलं आयोडीन आणि गोळीतलं, दोन्ही आयोडीनच. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन सारखेच, त्रेपन्न. म्हणून कोणाशी जमतं, कोणाशी नाही, ते सगळं एक. फरक न्यूट्रॉनचा. गोळीतल्या अणूत ते चार जास्त. तेवढ्यानं त्याला स्थैर्य नाही. तो कधीतरी किरण सोडून बदलतोच. थायरॉइडच्या पेशी, तुझ्या त्या मागे राहिलेल्याही, आयोडीनच्या हावरट. त्यांना हा फरक कळत नाही. नेहमीचंच समजून आत घेतात आणि त्या किरणांनी मरतात. बरंचसं लघवीवाटे जातं. राहिलेलं दर आठवड्याला जवळपास निम्मं होत संपतं. नर्स बाहेर जाते, कारण तिच्याकडे असे रुग्ण रोज येतात. तुला गोळी एकदाच घ्यायचीय.

खोटं सांगत नाही, सुरुवातीचे काही आठवडे बाळाला घेता येणार नाही. पण ते शाळेत जाईल तेव्हा तू हवीस.

भावोजींना नमस्कार. हट्ट सोडावा, माया सोडू नये.

तुझी,
छबू

१४ ऑक्टोबर

चि. छबू,
अनेक आशीर्वाद.

काल निकाल आला. गळ्यात काही उरलेलं नाही. डॉक्टरांना मी तेच दोनदा सांगायला लावलं. तुझ्या भावोजींनी माझ्या ओढणीला डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

गोळीनंतरचे आठवडे जड गेले, हे आता सांगते. नात काचेपलीकडून दिसायची. ती जांभई द्यायची, मी इकडे हात चोळत बसायची. लेक म्हणायची, आई, ती काही पळून जात नाहीये.

काल दवाखान्यात एक मुलगी गोळी नकोच म्हणून अडून बसली होती. मी शेजारी बसून तुझं आयोडीन समजावलं. आकडे चुकले असतील, पण ती उठून आत गेली.

आत्ता नात मांडीवर आहे. माझ्या गळ्यावरच्या व्रणावर बोट फिरवतेय. मी फिरवू देतेय.

सवड काढून ये. जीव लावला आहेस, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई