बेसवर टेकवलेली बॅट

आल्मेरे (नेदरलँड्स),
बुधवार, दुपारी सव्वातीन

ती. शर्मिलाताईंना पूर्णिमाचा साष्टांग नमस्कार. (एरवी हे सवयीने लिहिते. आज मात्र आठही अंगं खरोखरच दुखतायत, तेव्हा नमस्कार शब्दशः पोचला असं समजा.) तुमच्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने काही उतार पडला, की घरभर नुसता वासच राहिला? भावोजींची साखर ताब्यात आहे ना? आम्ही इकडे तिघं खुशाल आहोत, म्हणजे ज्या घरात नवरा दहा दिवस बायकोशी बोलत नाही त्याला खुशाल म्हणत असतील तर.

पत्र बघून दचकू नका. कोणी आजारी नाही, कोणाची नोकरी गेलेली नाही. फोनच केला असता, पण जयेशचं ऑफिस आठवड्यातले तीन दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर भरतं आणि या घरांच्या भिंती म्हणजे निव्वळ पुठ्ठे. मेसेज लिहावा, तर माझा फोन आणि स्वयंपाकघरातला टॅब यांचं साटंलोटं आहे. इथे लिहिलेलं तिथे दिसतं आणि तिथे तुमचे बंधुराज चहा करत उभे असतात. बाहेर जाऊन बोलता आलं असतं, पण फोनवर मला रडू येतं, आणि बाई रडत बोलली की लोक तिची समजूत काढायला लागतात. मला समजूत नकोय, मदत हवीय. म्हणून मागच्या सायकलींच्या शेडमध्ये पालथ्या क्रेटवर बसून हे लिहितेय. साडेपाचला माझी मैत्रीण मृणालिनी येईल. तिच्या सासूबाई आज रात्रीच्या विमानाने पुण्याला निघाल्यात, त्या तुमच्या मागच्याच सोसायटीत राहतात, म्हणजे शुक्रवारी पत्र तुमच्या हातात पडायला हवं. शनिवार उजाडला तर उपयोग नाही.

तर प्रकरण मार्चमध्ये सुरू झालं. शेजारचा विम म्हणाला की त्यांच्या बेसबॉल क्लबच्या सगळ्यात खालच्या टीमला माणसं कमी पडतायत. बायका, पुरुष, पंचविशीतले, साठीतले, सगळे चालतात. (ही लीग इतकी खालची आहे की तिच्याखाली फक्त प्रेक्षक असतात.) जयेशने लगेच नाव दिलं. चेंडू आणि दांडू, दोन्ही ओळखीचे, यात शिकायचं काय, असा त्याचा हिशोब. हिंजवडीतल्या आंतरकंपनी स्पर्धेत त्याने एकोणसत्तर धावा काढल्या होत्या हे तुम्ही मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतंत, विमला ते त्याने स्वतः सांगितलं. पहिल्या सरावाला त्याला चामड्याचा मोठा मोजा दिला, तर हा म्हणाला, मोजा यष्टिरक्षकाने घालायचा, बाकीच्यांनी घालणं म्हणजे भित्रेपणा. तिसऱ्या चेंडूला करंगळीचं वांगं झालं. घरी येऊन दोन आठवडे डाव्या हाताने जेवला, पण मोजा बरोबर होता असं अजून म्हणत नाही.

मी फक्त डबा घेऊन जायचे. इथे प्रत्येकाला पाळीपाळीने क्लबचं कॅन्टीन सांभाळावं लागतं, ती पाळी जयेशची असली की प्रत्यक्षात माझी असायची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी बटाटेवडे तळत होते आणि टीममध्ये आठच जण आले. नऊ नसले की न खेळताच हरतात, आणि याआधी दोनदा तसे हरून झाले होते. असं तिसऱ्यांदा झालं तर टीम लीगमधून बाद. कोच आनेके (पासष्ट वर्षांची, आयुष्यभर ट्रॅम चालवलेली बाई, आवाज अजून ट्रॅमच्या घंटेसारखा) काउंटरपाशी आली, माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि टोपी दिली. ताई, मला अगदी लांब उजव्या कोपऱ्यात उभं केलं, जिथे चेंडू सहसा येत नाही. लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्तेच्या जावेला बसवतात ना, तशी जागा. मीही पाहुण्यासारखीच उभी राहिले.

आता तुम्हाला एक कबुली द्यायची आहे, कारण लग्न ठरवताना तुम्हीच आमच्या घरी आला होतात. माझ्या बायोडेटात छंद म्हणून वाचन आणि भरतकाम लिहिलं होतं, ते सपशेल खोटं. सुई मला धरता येत नाही. मी सांगलीत सहा वर्षं खो-खो खेळले, दोनदा जिल्ह्याकडून. आईने ते लिहू दिलं नाही, वर गुडघ्यावरची खूण दिसेल म्हणून पाच वार साडी नेसवून बसवलं. मला वाटलं होतं की ते सगळं गेलं. पण बेसबॉलमध्ये (तुमच्यासाठी थोडक्यात: मैदानाला चार कोपरे, त्यांना बेस म्हणतात, शेवटचा म्हणजे घर; चेंडू मारून चारही फिरून घरी परत यायचं, की एक धाव) एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर चोरून पळायचं असतं, हूल द्यायची असते, कोणी हात लावायच्या आत सूर मारायचा असतो. दुसऱ्याच मॅचला मी सूर मारला. मातीत तोंडावर आपटले, दात शाबूत होते, हात बेसवर होता. आणि मला इतका आनंद झाला, ताई, की उठायलाच नको वाटलं.

हा आनंद तुम्हाला समजावा म्हणून सांगते. अकरा वर्षं झाली इथे येऊन. सुरुवातीला मला काम नव्हतं, तेव्हा सगळीकडे मी जयेशची पार्टनर. बँकेत तेच, नगरपालिकेत तेच. नंतर मी डच शिकले, घरबसल्या हिशेबाची कामं घेते, चार पैसे मिळवते, तरी संहिताच्या शाळेत मी संहिताची आई आणि मंडळाच्या गणपतीत मी मोदकवाली वहिनी. त्या टीमला मात्र जयेश माझ्यामुळे आठवत नाही आणि मी जयेशमुळे आठवत नाही. माझ्या पाठीवर चौदा नंबर आहे आणि आनेके मला चौदा म्हणूनच हाक मारते. मला ते फार आवडतं.

मग गेल्याच्या गेल्या रविवारची मॅच. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने मागे, आमचे दोन आउट. मी तिसऱ्या कोपऱ्यावर, घर समोर दिसतंय. मारायला जयेश. त्याने काय टोला हाणला म्हणून सांगू! दोघांच्या मधून चेंडू सळसळत गेला, मी पळत सुटले आणि घरी पोचलेसुद्धा. बरोबरी झाली म्हणून मी दोन्ही हात वर केले. जयेशला फक्त पहिल्या बेसपर्यंत पोचायचं होतं, वेळ हवा तितका होता. पण बेसबॉलमध्ये मारल्यावर बॅट टाकून पळतात. हा बॅट घेऊन पळाला. आणि बेस दोन पावलांवर आला तसा वाकला, हात लांब केला आणि बॅट बेसवर टेकवली. व्यवस्थित, क्रीझमध्ये टेकवतात तशी, आणि तिथेच थांबला. एवढंच नाही, बाकावर बसलेल्या आमच्या टीमकडे बघून बॅट किंचित वर केली. तेवढ्यात समोरच्या माणसाने आरामात चेंडू झेलून बेसवर पाय ठेवला. इथे पाय लागतो, ताई, बॅट नाही. आउट. नियम असा की तो असा आउट झाला की माझी धावही रद्द. मी घरी पोचलेली असूनही पोचले नाही. अंपायर आजोबा चाळीस वर्षं हे काम करतात, त्यांनी आउट दिला आणि मग जयेशजवळ येऊन हळूच विचारलं की बेसच्या पाया पडायची भारतात पद्धत आहे का.

हरलो. आनेके इथल्या रीतीप्रमाणे मनात काही ठेवत नाही. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की आता आपण दहा जण झालोत (मध्ये एक भूगोलाचे मास्तर मिळाले), तेव्हा पुढच्या मॅचला (म्हणजे या रविवारी, मधला रविवार सुट्टीचा होता) जयेश बाहेर बसून धावफलक लिहील आणि चौदा पहिली मारायला जाईल. इथे याला अपमान म्हणत नाहीत. पाळीपाळीने सगळे बसतात, विमसुद्धा बसला होता आणि पेन मागून घेऊन आनंदाने लिहीत होता. पण एकोणसत्तर धावा काढलेल्या माणसाला धावफलक लिहायला सांगणं म्हणजे तुमच्या घराण्यात काय, ते तुम्हीच जाणता.

तेव्हापासून अबोला. घरातलं बोलणं टॅबवरच्या कौटुंबिक कॅलेंडरमधून चालतं. मंगळवार, साडेसात: दूध संपलं आहे. गुरुवार, सहा: गॅसवाला येणार. संहिता पंधरा वर्षांची, घरात मराठी फक्त ऐकते, बोलते डचमध्ये. काल ती म्हणाली, "Mam, jullie zijn erger dan mijn klas." (तुम्ही दोघं माझ्या वर्गापेक्षा वाईट आहात, असा त्याचा अर्थ, आणि तिचा वर्ग मी बघितला आहे.) आणि परवा सकाळी कॅलेंडर उघडते तर रविवार, अकरा वाजता, मॅचच्या ठोक्याला: श्रीसत्यनारायण पूजा, घरी, वीस माणसं. गुरुजी रायस्वाइकहून येणार. ताई, हा माणूस अकरा वर्षं झाली तरी देवापुढे उदबत्ती लावायची तर लायटर कुठे आहे म्हणून मला विचारतो! आणि पूजा एकट्याने होत नाही, बायको शेजारी बसावी लागते. मी बसले तर टीमचे आठ राहतात. आठ झाले तर टीम संपली.

भांडता येईल असं त्याने काहीच केलेलं नाही, तीच तर मेख आहे. सत्यनारायणाला नाही म्हणणारी सून कोण? मंडळातल्या वासंतीवहिनींनी तर शिऱ्याचा रवा मोजूनही ठेवलाय. आनेकेला उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. आत्ता जयेश मागच्या अंगणात आला होता, मी सायकलीला हवा भरत असल्यासारखा पंप हलवत बसले. तो उभा राहिला, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग आत गेला. मला त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते, आणि दोन्हींपैकी एकच येत असतं तर किती बरं झालं असतं.

बाकी ठीक. आंब्याचं लोणचं संपत आलं. भावोजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
पूर्णिमा

ता.क. वर सगळं लिहिलं, एक लिहिलं नाही. त्याने बॅट टेकवली तेव्हा मी हसले. नुसती हसले नाही, मैदानावर बसून, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. विम आणि मास्तर फक्त बघत होते, मी एकटीच हसत होते, कारण त्या टीममध्ये ती बॅट का टेकवली हे समजणारी मी एकटीच होते. मॅचचं त्याला काही नाही. तो माझ्या हसण्यावर रुसून बसलाय. माफी मागायला गेले की मला परत हसू येतं.

ता.क. २. आता खरं काम. तुमचा शब्द जयेश मोडत नाही. नगरच्या बापूकाकांचं वय पंच्याण्णव ना? शनिवारी सकाळी तुम्ही फोन करून त्याला एवढंच सांगावं की बापूकाका गेले, दहा दिवस सुतक. पूजा आपोआप पुढे जाईल. सोमवारी पुन्हा फोन करून सांगायचं की ऐकण्यात चूक झाली, बापूकाका उठून बसले. त्यांना काही होऊ नये, मी इथून त्यांच्या आयुष्यासाठी रोज प्रार्थना करीन.

ता.क. ३. सव्वापाच. सुतक रद्द. बापूकाका शंभरी गाठोत, माझ्यामुळे तीन दिवससुद्धा मरायला नकोत. पाकीट शोधायला आत गेले तर जयेश टॅबपाशी उभा होता. मी त्याला तोंडाने सांगितलं की हसले हे चुकलं, आणि रविवारी मी खेळायला जाणार आहे. आणि त्याच्यासमोरच आनेकेला होकार कळवला. कॅलेंडर उघडून पूजेखाली त्याने टाइप केलं: यजमान सपत्नीक. मी त्याच्या हाताखालून टॅब ओढला आणि त्याखाली टाइप केलं: यजमान, कमरेला सुपारी लावून. आजोबांच्या काळापासून बायको गावाला गेली की तिच्या जागी सुपारी खोचून पुरुष असेच पूजेला बसत आलेत, मी तर दोन किलोमीटरवर असेन. तेव्हा आता तुमच्याकडे काम एकच, शनिवारी तेवढा फोन करा. सुपारी डाव्या बाजूला खोचायची की उजव्या, हे त्याला सांगा. मला विचारायचं तर त्याला बोलावं लागेल.