दोन किलो तीनशे ग्रॅम

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पत्राला दोन महिने उशीर झाला, माफ कर. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या छातीत अधूनमधून धडधडतं. डॉक्टर म्हणतो, कमी खा, जास्त चाला, बाकी नुसती काळजी आहे. (नुसती म्हणे!)

तू दिलेल्या अंड्यांतून बारा तांबडी पिल्लं निघाली. त्याच दिवशी सूनबाईने मांसासाठी वाढवतात त्या वाणाची बारा पांढरी पिल्लं आणली आणि म्हणाली, "बाबा, शेडमध्ये एकच वाण राहील." मीही काही ऐकून घेणारा नाही. म्हटलं, दोन्ही एकत्र वाढवू. खाद्य एक, पाणी एक. बेचाळिसाव्या दिवशी वजन करू, ज्यांचं जास्त त्यांची शेड. वाणबिण सगळं थोतांड आहे, खाईल तो वाढेल, असं माझं स्पष्ट मत होतं. आता आपलंच बघ. आपण एकाच ताटात जेवलो, एकाच आईबापांची पोरं, तरी लहानपणी तू भरलीस आणि मी काटकुळा राहिलो. (रागावू नकोस, उदाहरण म्हणून दिलं.)

कोणाचं वजन किती ते कळावं म्हणून प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. तांबड्यांचे दोरे बांधले तसेच राहिले. पांढऱ्यांचे मात्र दर तीन दिवसांनी घट्ट व्हायचे. त्यातला एक निळ्या दोऱ्याचा लठ्ठोबा तर असा फुगत होता, की मला त्याला मांडीवर घेऊन गाठ सोडावी लागे. तो निमूट बसायचा आणि डोळे मिटायचा. असला आळशी प्राणी मी जन्मात पाहिला नाही. खाद्याच्या भांड्यापाशी बसून खायचा, उठायचे कष्टसुद्धा नकोत. आपली तांबडी मात्र तिसऱ्या आठवड्यात जाळीवरून उडून खाद्याच्या पोत्यावर! खायचं कमी, हुंदडायचं फार. मी लपून त्यांना उकडलेलं अंडं कुस्करून टाकलं (हे सूनबाईला कळवू नकोस), तर लठ्ठोबा डुलत डुलत आला आणि सगळं फस्त करून माझ्या पायावर बसला.

बेचाळिसाव्या दिवशी लठ्ठोबा दोन किलो तीनशे ग्रॅम. आपला सर्वांत थोराड कोंबडा साडेचारशे. सूनबाई वाकून म्हणाली, "बाबा, पक्षी ठेवलात का काट्यावर, की अजून रिकामाच आहे?"

मी हार मानलेली नाही. म्हटलं, बेचाळीसच दिवस का? वर्षभर थांब, मग बघू. तर म्हणते, "वर्षभर ठेवले तर पांढरे हृदय बंद पडून मरतील, बाबा. ते लवकर वाढायलाच निपजवलेले असतात." म्हणजे मीच जिंकलो ना! जो टिकतच नाही त्याची वाढ कसली? पण या घरात माझं कोण ऐकतं? काल ट्रक पांढऱ्यांना घेऊन गेला. रविवारी नवी पांढरी पिल्लं येणार, म्हणून तांबड्यांनाही शेड सोडायची आहे. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो आहे. हलणार नाही. हे पत्रही इथूनच लिहितो आहे.

तुझा भाऊ

ता. क. – सूनबाई आत्ताच चहा देऊन गेली. म्हणाली, तांबड्यांना मागच्या अंगणात खुराडं बांधायला आधीच सांगून ठेवलंय, तुम्ही उगाच बसलात. तरी मी उठलेलो नाही.

ता. क. २ – उठता येत नाही. खुर्चीखाली पाटी आहे, वरून चादर सोडली आहे, आणि पाटीत लठ्ठोबा आहे. ट्रकमध्ये अकराच गेले. एक मेला, मीच पुरला, असं मी सूनबाईला सांगितलं आहे. आता कोणत्या तोंडाने बाहेर काढू? इतके दिवस पांढऱ्यांना नावं ठेवली. तुझ्याकडे ठेवशील का त्याला? खाणं बेताचं दे, रोज थोडं चालव, म्हणजे छातीला त्रास होणार नाही. मी दर आठवड्याला येऊन बघून जाईन. लवकर कळव, ताई. दोरा परत घट्ट व्हायला आला आहे.