तुझ्या वाटणीचे धडे

प्रिय प्रिसिला,

परवा कॉलेजात नोटीस लागली. जुन्या सिलॅबसचा आपला प्रोबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेसचा पेपर आता एकदाच होणार, मग कायमचा बंद. म्हणून लिहितेय. नाहीतर तुझ्यावर रुसून अजून किती दिवस बसले असते कोण जाणे!

वाटणी तूच केलीस ना गं? उमेळ्याला, तुमच्या ओट्यावर बसून. प्रोबॅबिलिटी माझी, म्हणजे फासे, पत्ते, पिशवीतले लाल-पांढरे चेंडू. रँडम प्रोसेस तुझी. आपापलं पक्कं करायचं आणि दुसरीला शिकवायचं. मी माझं शिकवलं. चेंडू काढून इलेक्ट्रिकलवाल्यांना काय मिळणार म्हणून हसलीस, पण सगळं ऐकलंस. मग तुझी पाळी आली आणि तुला कावीळ झाली.

हॉस्पिटलात मी पुस्तक घेऊन आले, तर ते बाजूला ठेवायला लावलंस. "बरी झाले की मी शिकवते. तोवर हात लावू नकोस, उलटंसुलटं शिकशील." असं दटावलंस आणि गेलीस! कावीळ काय, उतरेल, असं सगळेच म्हणत होते. मीसुद्धा.

मी खरंच हात लावला नाही. अर्ध्या अभ्यासावर कोण पास होतं? दरवेळी केटी. बाकीचे विषय सुटले, डिग्री या एकावर अडलीय. डोकं कुठे गहाण ठेवलंयस, असं बाबा विचारतात. त्यांना काय सांगू?

तुझी आई मात्र प्रत्येक निकालाला विचारते, "पोरी, आपला पेपर सुटला का?" आपला म्हणते गं! मी नाही म्हणते. मग ती चहा ठेवते.

काल शेवटी तुझा पहिला धडा उघडला. स्टेशनरी प्रोसेस म्हणजे काय, तर कधीही बघा, सरासरी तीच. तू गेल्यापासून माझे दिवस असेच चाललेत. पुढचं पान काही कळलं नाही. पुस्तक मिटून रडत बसले.

उद्यापासून माणिकपूरच्या क्लासला जाते. तिथले सर तुझे धडे शिकवतील. पेपर सुटेल असं वाटत नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण तुझ्या वाटणीचं एकही पान सोडणार नाही, हा शब्द देते. तू येऊन शिकवशील म्हणून थांबले होते. आता थांबत नाही.

तुझीच,
सुजाता