आठातले दोन तास

३ मार्च
नाही म्हणजे नाही, दादा. मी झोपाळू नव्हतो आणि आजही नाही. निघतानासुद्धा सगळ्यांदेखत म्हणालास, हा तिकडे चादरी धुणार की पांघरणार? वहिनी हसली, आईपण हसली. म्हणून हे वहीत लिहून ठेवतोय. कधीतरी तुझ्यापुढे टाकीन.

तर ऐक. धुलाईच्या कारखान्यातली नोकरी झकास आहे. हॉस्पिटलांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. आम्ही त्या उकळत्या पाण्यातून काढतो, मग तापलेल्या रुळाखालून घालतो. कागदासारख्या कडक होऊन बाहेर पडतात. खोलीत सहा खाटा आणि माणसं बारा. एक खाट दोघांत. माझी रात्रपाळी, म्हणून खाट दिवसा माझी. रात्री जोडीदाराची. मी येतो तोवर तो कामावर गेलेला असतो, गादी तेवढी ऊबदार. पिकलेल्या केसांमुळे त्याला सगळे म्हातारबा म्हणतात. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर म्हणतो, तुमचा संसार बरा, तोंडं न बघता चाललाय.

आज आठ तास मेल्यासारखा झोपलो. उठलो तर अंग पिसासारखं हलकं.

११ मार्च
परवा उशीखाली म्हातारबाची चिठ्ठी होती. आठातले दोन तास मला दे, दहा हजार देतो. इथे हे चालतं; कुणाला पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, की माणसं आपल्या खाटेचे तास विकतात. मी म्हटलं, दोन तास बाहेर बाकावर बसून काढू. खाली ‘होय’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी नोटा उशीखाली. सगळ्या दादाला पाठवल्या. जन्मात पहिल्यांदा शाबास म्हणाला.

१९ मार्च
गंमत बघा. म्हातारबा ते दोन तास घ्यायला आलाच नाही. खाट रिकामीच असते, म्हणून मी पूर्वीसारखाच आठ तास झोपतो. पण उठतो तो कुणीतरी बडवून काढल्यासारखा. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना दाखवलं. म्हणाल्या, मोठ्या माणसाला सात-आठ तास पुरतात, पण खरी खूण घड्याळात नसते, उठल्यावर अंगात असते. मग माझ्या डोळ्यांखाली बोट लावून म्हणाल्या, आठ कसले, तू सहाच झोपतोस.

२ एप्रिल
दादाचा फोन. पैसे बघून त्याला हुरूप आलाय, वरचा मजला चढवायचा म्हणतो. म्हटलं, अंगात त्राण नाही. म्हणाला, खाटेवर लोळायचे पैसे मिळतात आणि रडतोस कशाला?

चिठ्ठी होतीच. आणखी दोन तास, वीस हजार. दिले.

९ एप्रिल
दहा तास झोपून पाहिलं. बारा तास. जमिनीवर झोपून पाहिलं. सगळं सारखंच.

ड्रायव्हर सांगत होता, म्हातारबाचे केस काळे होतायत. आता त्याला नवरदेव म्हणतात.

१४ एप्रिल
नवरदेव फाटकात दिसला, ड्रायव्हरने बोट करून दाखवला. तरणाबांड. माझ्याकडे बघून जांभई दिली, सुखाची, तोंडभर. मी तसाच उभा. मला जांभईसुद्धा येत नाही.

चिठ्ठी ठेवली — तास परत दे. उत्तर आलं, पैसे परत दे.

पैशांच्या विटा झाल्या. दादाने जुनं छप्पर उतरवलंय. आई ताडपत्रीखाली झोपते. तिला फोनवर विचारलं, झोप लागते का. म्हणाली, माझं काय रे, तू नीट झोपतोस ना?

होय म्हटलं.

२० एप्रिल
डोळे मिटले की घोरणं ऐकू येतं. जवळून. खाटेवर मी एकटाच असतो. कान दाबले तरी — आतूनच येतं ते.

नर्सबाई म्हणाल्या, चारच तास दिसतात. याहून कमी झोपेवर माणूस टिकत नाही.

२३ एप्रिल
चिठ्ठी. उरलेले चारही. चाळीस हजार.

फाडली. उठून पाहिलं तर उशीखाली तशीच.

२४ एप्रिल
ड्रायव्हरला सगळं सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, या खाटेवर तुझ्याआधी होता त्यानेही सगळे विकले. विचारलं, मग घरी गेला? म्हणाला, जातो कुठे. तुझ्या शेजारच्या रुळावर आहे की.

तो. पापणी न हलवणारा. मी येतो तेव्हा असतो, जातो तेव्हाही असतो. वाटायचं, फार कष्टाळू —

२६ एप्रिल
दादाचा तिसरा फोन. गवंडी काम टाकून निघालेत. वर आभाळ, खाली आई. तिला ताप आहे. सोमवारपर्यंत चाळीस हजार, नाहीतर तू आमचा कुणी नाहीस.

बरोब्बर चाळीस. त्याला आकडा कुणी —

२७
‘होय’ लिहिलं. हात आपोआप —

नोटा आल्या. गादी गार.

डोळे मिटत नाहीत. बोटांनी ओढतोय, मिटत —

दादा, स्लॅब घाल. आईला आत घे. मग खाली खाट टाक आणि झोप तू, पोटभर, माझ्या — पाठवतोय चाळीस हजा—