लच्छूभाऊंच्या मरणाबाबत

आरमोरी,
२ डिसेंबर २००२

ती. नानाजी भाऊजींना डोमाजीचा नमस्कार.

वच्छलाबाईचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला असेल. इथे धानाच्या चुरणीची धूळ उडत असल्यानं खोकला घरोघरी आला आहे.

आता पियुषचं. नागपूरच्या शिबिरातल्या साहेबांनी 'यापुढे कल्पकतेलाच भाव' असं सांगितलं, म्हणून तुम्ही पोराला माझ्याकडे धाडलं. नाटकं लिहिणाऱ्या मामाजवळ राहून डोक्यात काही उगवेल, हा तुमचा हिशेब. भाऊजी, पोरगा ठोंब्या आहे. नाटकाला नवं नाव सुचव म्हटलं, तर त्यानं जुनंच नाव सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. (बाप वीजकेंद्रात बॉयलरवर, पोरगा कल्पक कुठून होणार? आणि बॉयलरवरच्या माणसाला कल्पना सुचू लागल्या तर गाव अंधारात बसेल. कंपाउंडरला सुचल्या तर गावच उरणार नाही. मालगाडीचा गार्ड, रक्त तपासणारा, यांना काही सुचत नाही म्हणून आपण जिवंत आहोत. शिबिरात हे कोणी सांगत नाही.)

म्हणून मी त्याला आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर केलं. आपल्या झाडीपट्टीत नट पाठांतराच्या भानगडीत पडत नाहीत. विंगेतून प्रॉम्प्टर वाचतो ते रंगमंचावर बोलतात. तुम्ही त्याला सोडायला आला होता तेव्हा तुमच्यासमोरच मी ठणकावलं होतं, की कोणीही सांगो, खुद्द मी सांगो, पुस्तकातला शब्द बदलायचा नाही. तुम्ही मान डोलावली होती.

परवा आमचे नायक लच्छूभाऊ तिसऱ्या अंकात इतके झकास मेले, की लोकांनी वन्स मोअर दिला. लच्छूभाऊ उठले, पुन्हा मेले. (इथली रीतच आहे, मागे एका गावात चारदा मेले होते.) तिसऱ्यांदा मरायला उठू लागले तेव्हा विंगेतून आवाज आला, तोही माईकवर : "लच्छूभाऊ, तुमी मेले. आता रुखमाबाईचं रडणं आहे." नाटकातली आई झालेली रुखमाबाई दचकून खरोखरच रडली. लच्छूभाऊ अजून फुगून आहेत. नाटक मात्र वेळेवर संपलं, जे आमच्या कंपनीत कधी झालं नव्हतं. तेव्हा पोराला त्याच्या जोगं काम मिळालं आहे, काळजी नसावी.

आपला,
डोमाजी

ता. क. : रविवारी, आमची कंपनी बोलावणाऱ्या बापूजींच्या गावी मंडईच्या जत्रेत हेच नाटक आहे. गावात नवे जावई येणार, म्हणून बापूजींचं म्हणणं, "जवायासमोर मयत नाई पाह्यजे. नाई जमत तं दुसरी कंपनी बोलावतो." मी नायक जिवंत राहील असा शेवट लिहिला. पियुष तो वाचायला तयार नाही. "मामा, तुमीच म्हटलं होतं, तुमी म्हटलं तरी बदलाचं नाई. बाबा साक्षी होते." तुमच्या प्लँटमध्ये हुकूम मागे घ्यायचा तर देणाऱ्याची आणि साक्षीदाराची, दोघांची सही लागते म्हणे. माझी झाली. तुमची शनिवारच्या आत कंडक्टरच्या हाती पाठवावी. न आल्यास लच्छूभाऊ मरतील, आणि पाठोपाठ कंपनी.

दुसरा ता. क. : माझं अक्षर तुम्हाला लागत नाही, म्हणून ही प्रत पियुषनं उतरवली आहे. 'ठोंब्या'पाशी क्षणभर थांबला होता. मी म्हटलं, गाळ तो शब्द. म्हणाला, "मूळ कागदात आहे, मामा."