खिडकीकडची जागा

सातारा, ९ फेब्रुवारी १९७५

राजमान्य राजश्री नाथाजी ड्रायव्हर (एस.टी.च्या लेखी निवृत्त, माझ्या लेखी अजून ड्यूटीवर) यांस आकाराम कंडक्टरचा बसल्या जागेवरून रामराम. इकडे मी, मनुबाई आणि मनुबाईचे दुखरे गुडघे असे सगळे खुशाल आहोत. वहिनींना नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या धुळाला आशीर्वाद. (धुळा, सावकाश वाच बाबा. तुझ्या वडिलांनी आयुष्यात कधी घाई केली नाही, म्हणूनच बावीस वर्षांत आमची गाडी एकदाही वेळेवर पोचली नाही.)

धुळाचं पत्र मिळालं. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, सगळे मिरजेला जाऊन ऑपरेशन कर म्हणतात, आणि तू मात्र "दुसऱ्याच्या गाडीत प्यासिंजर म्हणून बसणार न्हाई" असं म्हणून सहा महिने म्हसवड सोडलेलं नाहीस, असं त्यानं लिहिलंय. माझ्या शकुंतलेच्या मुलाच्या बारशालाही तू सांगलीला आला नाहीस. या विषयावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. पॅसेंजर म्हणून बसणं मला तरी कुठं जमतं? तेच सांगायला हे पत्र.

निवृत्त झाल्यापासून मी सलग आठ दिवस घरात टिकल्याचं मनुबाईला आठवत नाही. औंधाला बहिणीकडे गेलो, तर यमाईच्या देवळात दर्शनाच्या रांगेला "पुढं सरका, मधी लय जागा हाय" असं इतक्या जोरात ओरडलो की पुजारी स्वतःच दोन पावलं सरकले. पाचगणीला साडूकडे गेलो, तर जेवणाच्या वेळी पाट मोजले, माणसं मोजली आणि साडूच्या दोन जावयांना उभं ठेवलं. (त्यातला एक रुसला. दुसऱ्यानं दांडी धरायला मिळेल का विचारलं, तो गुणी आहे.) सून म्हणते, "मामंजी, जरा निवांत बसा की." बसायचं कसं हे तीस वर्षांत कुणी शिकवलंय का मला?

तर बारसं. मनुबाई आधीच पुढे गेली होती, मी मागून एकटा निघालो. मांडीवर कंदी पेढ्यांचा डबा, डोक्यावर नवी टोपी, जागा नेमकी दारापाशी. इस्लामपूरच्या स्टँडवर आमच्या गाडीचा कंडक्टर, सयाजी नावाचा भला माणूस, नोंद करायला स्टँडच्या कचेरीच्या खिडकीवर गेला. इकडे गाडी भरली. हरणाबाई नावाची एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. तिला मी जागा करून दिली, पाटी सीटखाली सरकवली, दार ओढून कडी लावली. सगळं जिथल्या तिथं. अशा वेळी माणसाचा हात कुठं जाणार? आपोआप वर गेला, दोरी हाताला लागली, आणि नाथाजी, मी डबल बेल दिली.

ड्रायव्हर तुझ्याच शिस्तीचा. बेल ऐकली आणि मागं न बघता गाडी सोडली. मी उठून पाय फाकून उभा राहिलो, "तिकीट, तिकीट" करत थेट मागच्या बाकापर्यंत जाऊन आलो, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही! दोन मैल मी राजा होतो. मग हरणाबाईनं तिकिटासाठी मूठ पुढे केली, मी काखेतली तिकिटांची पेटी उघडायला गेलो, तर तो निघाला पेढ्यांचा डबा. तिला एक पेढा दिला. (दुसरं काय देणार?) ती म्हणाली, "आवं, तिकिटाच्या बदली पेढा? मग खरा कंडक्टर कुटं हाय?" गाडीत एकच गलका झाला.

मी सिंगल बेल दिली. गाडी एका उसाच्या फडाशेजारी थांबली. ड्रायव्हर उतरून मागं आला, मला खालवर न्याहाळलं आणि म्हणाला, "पाव्हणं, बेल लय झ्याक दिली. पर आमचा मानूस मागं ऱ्हायला की." अर्ध्या तासानं सयाजी आला, उसाच्या ट्रकवर मोळ्यांच्या वर बसून, पेटी पोटाशी धरून, अगदी रडकुंडीला. त्याची नोकरी कायम व्हायला दोनच महिने उरले होते. त्यात नानासो नावाच्या एका कोटवाल्या गृहस्थांनी तक्रारवही मागितली. मी वही त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि माझ्याविरुद्धची तक्रार मीच लिहिली, चांगली पानभर. शेवटी "सदर इसमास यापुढे दाराजवळ बसू देऊ नये" अशी शिफारस केली आणि खाली सही ठोकली. नानासोंनी ती वाचली, पोट धरून हसले आणि खाली साक्षीदार म्हणून आपलीही सही केली. पेढे गाडीतच वाटले. बारशाला रिकामा डबा गेला. (त्यावरचं मनुबाईचं भाषण धुळाच्या तोंडून तुला ऐकवण्यासारखं नाही.)

ड्रायव्हरनं ती शिफारस तिथंच अमलात आणली. मला आपल्या मागच्या सीटवर, खिडकीकडे बसवलं. आता नीट ऐक. तीस वर्षं मी गाडीतून हिंडलो, पण तोंड कायम माणसांकडे. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पाहिलं. आष्ट्याच्या पुढे चिंचेची केवढी झाडं आहेत रे! गुऱ्हाळाचा धूर, वाळत घातलेली हळद, ओढ्यात डुंबणाऱ्या म्हशी. बावीस वर्षं तू पुढं बसून हे सगळं एकट्यानं बघितलंस आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस! आधी तुझा राग आला. मग इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि मागच्या हरणाबाईनं तेवढ्यासाठी कोंबड्यांची पाटी सोडून पुढं येऊन मला पदर दिला.

असो. तुला माझा कसलाही आग्रह नाही.

तुझा,
आकाराम

ता.क. हात आपोआप वर गेला हे साफ खोटं. सयाजी खिडकीवर उभा आहे हे मला दिसत होतं. एकदाच, शेवटचं, असं म्हणून मी दोरी बघून ओढली. म्हणून तर ती वही मी दुसऱ्याला लिहू दिली नाही. सयाजी परवा कायम झाला, घरी पेढे घेऊन आला होता. मनुबाईला यातलं काही कळवू नकोस.

ता.क. दुसरा. मिरजेच्या डॉक्टरांकडे शुक्रवारी, २१ तारखेला, तुझं नाव घातलंय. मुक्काम शकुंतलेकडे. मी बुधवारी म्हसवडला येतो, गुरुवारी सकाळच्या गाडीनं दोघं निघू. ड्रायव्हरमागची सीट, खिडकी तुला. जाताना बाहेर काय दिसतंय ते मी तुला सांगीन. येताना तू मला सांग, माझं तीस वर्षांचं बघायचं राहिलंय.

ता.क. तिसरा, फक्त धुळासाठी. तुझे वडील आता "मी येनार न्हाई" म्हणतील. वाद घालू नकोस. बावीस वर्षांत फौजदार ओरडले, पुढारी ओरडले, पण माझ्या बेलशिवाय त्यांनी गाडी हलवली नाही, आणि माझी बेल ऐकून एकदाही थांबून राहिले नाहीत. स्वयंपाकघरातून एक पितळी ताटली आण आणि त्यांच्या कानाशी चमच्यानं वाजव. दोनदा.